हॅश जुळला, वेळ चुकली

परदेशी तपास यंत्रणेने केलेली पेन ड्राइव्हची इमेज, म्हणजे तंतोतंत डिजिटल प्रत, आणि तिचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा पोलिसांच्या पत्रात आरोपीचं नाव, त्याच्यावरचा संशय आणि 'अहवालाची खातरजमा करून मिळावी' ही विनंती एकाच परिच्छेदात होती. खातरजमा कशाची व्हायला हवी, हे आधीच ठरलेलं.

एसएचए-256 हॅश, म्हणजे प्रतीतल्या मजकुरावरून काढलेला तिचा डिजिटल ठसा, तंतोतंत जुळला. बहुतेकांचं समाधान इथेच होतं. २०२३च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 63(4)च्या प्रमाणपत्रातही हॅशचा रकाना आहे, टूलच्या, म्हणजे तपासणीच्या सॉफ्टवेअरच्या, टाइमझोन सेटिंगचा नाही. पण हॅशवरून प्रत बदललेली नाही एवढंच कळतं. तिच्यातून काढलेला अर्थ बरोबर आहे का, ते कळत नाही.

अहवालानुसार, ज्या फाइलवरून संशय होता ती ड्राइव्हवर उतरली 10:40 यूटीसीला, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. पोलिसांनी भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवून 16:10 धरले. त्या वेळी आरोपी कार्यालयात होता. ड्राइव्हची फाइल सिस्टीम, म्हणजे फाइली साठवण्याची पद्धत, मात्र फॅट32 होती. एनटीएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम वेळ यूटीसीत ठेवते. फॅट32 संगणकाच्या घड्याळातली स्थानिक वेळ जशीच्या तशी लिहिते, टाइमझोन नोंदवतच नाही. टूलचं सेटिंग यूटीसीवर राहिलं की त्याच आकड्यापुढे 'यूटीसी' छापून येतं. म्हणजे 10:40 ही मुळात भारतीय वेळच असू शकत होती.

मग कार्यालयातल्या संगणकाची इमेज उघडली. ड्राइव्हवरून ती फाइल उघडल्यावर विंडोजने आपोआप तयार केलेली एलएनके (शॉर्टकट) फाइल तिथे होती. तिच्यातला व्हॉल्यूम सीरियल नंबर (ड्राइव्हचा ओळख क्रमांक) ड्राइव्हशी जुळला आणि तिची निर्मितीची वेळ निघाली 05:11 यूटीसी, म्हणजे आपले सकाळचे 10:41. घड्याळ कुणी मागेपुढे केलंय का, ते विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमधल्या, वेळ बदलल्यावर होणाऱ्या 4616 क्रमांकाच्या नोंदींवरून पाहिलं. संशयास्पद काही नव्हतं. सकाळी त्या वेळी आरोपी कामावर आलेलाच नव्हता.

परदेशी प्रयोगशाळेपुढे कार्यालयातला संगणक नव्हता. पोलिसांकडे अहवाल आणि संगणक दोन्ही होतं, पण परदेशातून आलेला अहवाल म्हणून आकड्याला कुणी हात लावला नाही. हा दोष एका माणसाचा नाही, कागद ज्या क्रमाने फिरतात त्या क्रमाचा आहे. २०२१मध्ये नीना सुंदे आणि इटिएल ड्रोर या संशोधकांनी ८ देशांतल्या ५३ डिजिटल तपासनिसांना एकच इमेज, पण वेगवेगळी पार्श्वभूमी दिली होती. पार्श्वभूमीनुसार सापडलेले पुरावे कमीजास्त झाले.

आता पोलिसांचं पत्र आवक विभागातच थांबतं. तपासनिसाला मुद्देमाल आणि फक्त प्रश्न मिळतात; फेरतपासणी करणाऱ्याला पहिल्याचे निष्कर्ष दिसत नाहीत. अहवालातल्या प्रत्येक वेळेपुढे फाइल सिस्टीम, टूलची आवृत्ती आणि टाइमझोन लिहिणं सक्तीचं केलंय. परदेशी यंत्रणेकडे मात्र साधं सेटिंग विचारायचं, तरी पत्र गृह मंत्रालयामार्फतच जातं, आणि तोवर आरोपी कोठडीतच असतो.