एका प्रोसेसरवर न सापडणारी चूक

लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी, मॉड्यूल (त्यात नंतर जोडता येणारे कोडचे तुकडे) लिहू लागलो तेव्हा एक प्रोसेसर आणि अनेक प्रोसेसर यांतील फरक केवळ वेगाचा आहे, अशी माझी समजूत होती. एका लहानशा कॅरेक्टर ड्रायव्हरने (बाइटांच्या प्रवाहाने चालणाऱ्या उपकरणासाठीचे मॉड्यूल) ती दोन टप्प्यांत दूर केली.

त्या काळी लिनक्सच्या अनेक वितरणांत (तयार संचांत) एकाच आवृत्तीचे दोन कर्नल मिळत, एक साधा, म्हणजे एकाच प्रोसेसरसाठीचा, आणि दुसरा एसएमपीचा, म्हणजे अनेक प्रोसेसरांसाठीचा. साध्या कर्नलवर कित्येक आठवडे बिनतक्रार चाललेले माझे मॉड्यूल दोन प्रोसेसरांच्या यंत्रावर नेले, तर इन्समॉड या मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेने ते लोड करण्यासच नकार दिला. प्रत्येक मॉड्यूलमध्ये व्हर्मॅजिक नावाची एक ओळ कोरलेली असते. तिच्यात कर्नलची आवृत्ती आणि एसएमपीसारखे पर्याय नोंदवलेले असतात आणि ती कर्नलच्या ओळीशी जुळावी लागते. ही तपासणी डावलून जबरदस्तीने लोड करण्याची सोय आहे, पण ती वापरू नये. डीबगिंग बंद असलेल्या एकप्रोसेसर कर्नलमध्ये स्पिनलॉकचा (लॉक मोकळे होईपर्यंत मागणाऱ्याला तिथेच फिरत ठेवणारे लॉक) स्ट्रक्चर, म्हणजे फील्डांचा एकत्र मांडलेला गट, रिकामा असतो, म्हणजे जीसीसी या कंपायलरच्या हिशेबाने शून्य बाइटचा. एसएमपीमध्ये तो जागा घेतो, त्यामुळे ज्या स्ट्रक्चरमध्ये लॉक आहे त्यातील पुढची सगळी फील्ड सरकतात आणि जुन्या मांडणीवर विसंबलेले मॉड्यूल भलत्याच ठिकाणी वाचू-लिहू लागते.

उपाय सोपा होता. त्या एसएमपी कर्नलची बिल्ड डिरेक्टरी मेक या बांधणीच्या साधनाला दाखवून मॉड्यूल पुन्हा कंपाइल केले; हेडर फाइल तिथल्या कॉन्फिगरेशनप्रमाणे उलगडतात, म्हणून सोर्समधील एक अक्षरही बदलावे लागले नाही. मॉड्यूल लोड झाले, आणि थोड्याच वेळात यंत्र गोठले.

दोष माझाच होता. एका फंक्शनमध्ये चूक आढळल्यास मधूनच परतणारी वाट होती आणि तिथे लॉक सोडायचे राहून गेले होते. प्रीएम्प्शन (कर्नलमध्ये चालू काम मध्येच थांबवून दुसरे सुरू करणे) नसलेल्या एकप्रोसेसर कर्नलमध्ये स्पिनलॉक घेणे-सोडणे यांतून यंत्रासाठी एकही सूचना तयार होत नाही, त्यामुळे न सोडलेले लॉक कोणालाच अडवत नव्हते. एसएमपीमध्ये मात्र पुढचा मागणारा तिथेच कायमचा फिरत राहिला. (इंटरप्ट, म्हणजे उपकरणांकडून येणारे व्यत्यय, थांबवणारा स्पिनलॉकचा प्रकार याला अपवाद आहे, प्रोसेसर एकच असला तरी इंटरप्ट येतातच, म्हणून तेवढा भाग तिथेही खरोखर चालतो.)

पुढे दोन कर्नलांची ही प्रथा मागे पडली, कारण एक्स८६ वर प्रोसेसर एकच आढळल्यास एसएमपी कर्नल सुरू होतानाच आपल्या कोडमधील लॉक प्रीफिक्स (सूचना इतर प्रोसेसरांच्या दृष्टीने अखंड पार पाडायला लावणारी खूण) निष्प्रभ करतो आणि वेगळ्या बांधणीचा फायदा फारसा उरत नाही. छोट्या एम्बेडेड यंत्रांसाठी एकप्रोसेसर बांधणी अजूनही भेटते. तशा यंत्रासाठी लिहितानाही मी आधी लॉकडेप हा कर्नलमधला लॉक तपासणारा भाग सुरू केलेला एसएमपी कर्नल दोन प्रोसेसरांच्या आभासी यंत्रावर चालवतो, आणि लॉक घेतलेल्या फंक्शनमधून बाहेर पडण्याची वाट सी भाषेतील गोटू वापरून शेवटी एकच ठेवतो.