खुणेचं पान

हॉलला रंग काढायचा म्हणून गेल्या महिन्यात पुस्तकांचं कपाट रिकामं केलं. रंगारी सोमवारी येतो म्हणाला होता, म्हणजे बुधवारी येणार, तेव्हा रविवारी मी निवांतच बसलो होतो. एक पुस्तक काढायचं, तळहातावर आपटून धूळ उडवायची, फडकं मारायचं आणि खोक्यात टाकायचं. आपटलं की आतून काहीतरी पडायचं. लोकलचं पुठ्ठ्याचं तिकीट. एसटीचं तिकीट. लग्नपत्रिकेचा कोपरा. लाँड्रीची पावती, तिच्यावरच्या दोन शर्टांपैकी एक मला अजून आठवतो. एक मोरपीस, शाळेतलं, पुस्तकात ठेवलं की पिल्लू देतं म्हणून ठेवलेलं. दिलं नाही.

चार-पाच पुस्तकं अशी झटकून झाल्यावर लक्षात आलं की आपण पुरावा नष्ट करतोय. मग आधी उघडून बघायला लागलो, खूण कुठल्या पानात आहे ते. जुन्या पुस्तकांत ती बहुतेक मलपृष्ठाला चिकटून होती. वाचून संपलं, तिकीट शेवटी खोचलं, पुस्तक कपाटात. अलीकडच्या पुस्तकांतल्या खुणा मात्र पान २४, पान ३१, पान ३८. चाळिसाच्या पुढे क्वचित. जणू चाळिसाव्या पानावर कुणी जकात नाका बसवला होता आणि माझ्याकडे सुटे पैसे नव्हते.

तिकिटांवर तारखाही होत्या, काही ठसठशीत, काही पुसट. एटीएमच्या पावत्यांनी तेवढा दगा दिला. तो कागद काही वर्षांत आपोआप कोरा होतो. तरी हिशेब लागला. नाका बसला तो साधारण २०१६-१७ च्या सुमारास. २०१६ च्या सप्टेंबरात फोरजी फुकट मिळायला लागलं होतं आणि रोजचा डेटा रोज संपवणं हे आमच्या घरात कर्तव्य झालं होतं. रात्री बाराला थोडा शिल्लक राहिला तर भाताचं अर्धं पातेलं टाकून द्यावं लागल्यासारखा जीव हळहळायचा.

“अहो, तुम्हाला चाळिशी लागली ती तेव्हाच,” बायको म्हणाली. “डोळ्यांचंही असेल.” असेल. पण याच डोळ्यांनी मी रात्री अंथरुणात, चष्मा न लावता, मुंगीएवढ्या अक्षरांतली भांडणं शेवटच्या प्रतिक्रियेपर्यंत वाचलेली आहेत.

मी वाचायचो ते लोकलमध्ये. डोंबिवलीहून सुटणारी फास्ट, चौथी सीट, म्हणजे अर्धा मी बाकावर आणि अर्धा अधांतरी. जाऊन-येऊन दोन-सव्वादोन तास. फार वाचनवेडा होतो म्हणून नव्हे, दुसरं काही करायला नव्हतं म्हणून. कादंबरीची पहिली पन्नास पानं तशी जडच जातात. कोण कुणाचा मामा ते लक्षात राहत नाही, लेखक अजून वाड्याचं वर्णनच करत असतो. कंटाळा आला की मान वर करून पंखा बघायचा. पंखा पुस्तकाहून कंटाळवाणा असायचा, म्हणून परत पुस्तक. असं पाच-सहा वेळा झालं की पन्नासावं पान यायचं आणि पुढे उतरायचं स्टेशन चुकायची पाळी. पुस्तकाने मला पकडलं असं मी तेव्हा म्हणायचो. त्यात पंख्याचा वाटा किती होता ते आता कळतंय. खिशात पंख्याऐवजी फोन आला आणि कुठलंही पुस्तक त्याच्यापुढे हरतं. वाईट पुस्तक हरतं आणि चांगलंही हरतं.

फास्ट गाड्या तेव्हा मुंब्र्याजवळ पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. आत शिरलं की आवाज असा कोंडायचा की वाचणं अशक्य. पानात बोट घालून पुस्तक मिटायचं आणि मिनिट-दीड मिनिट नुसतं बसायचं. वाचलेल्याचा जो काही विचार मी आजवर केला असेल, तो बराचसा त्या बोगद्यात. फोन आल्यावर तिथे रेंज जायची आणि अख्खा डबा एकदम मान वर करून एकमेकांकडे बघायचा, चोरी पकडल्यासारखा. २०२२ मध्ये ठाणे-दिव्याच्या पाचव्या-सहाव्या मार्गिका झाल्या, तेव्हापासून फास्ट लोकल बोगदा टाळून जातात आणि बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांना मिळाला. सोय झाली, तक्रार नाही. बोगदा नसेल तर विचार करायला दुसरी जागा शोधायला हवी होती, ती मी शोधली नाही, एवढंच.

आणि सगळं खापर नेटवर फोडायला मी तयार नाही. परवा कोकणातल्या एका कथेत ‘आगोट’ शब्द आला. पूर्वी असा शब्द आला की मी तो डबक्यासारखा ओलांडून जायचो, कारण मोल्सवर्थचा कोश घरात असणारी माणसं वेगळी. आज त्याची १८५७ ची आवृत्ती फोनवर उघडते. केवढी चैन! उघडायला गेलो, तर सोसायटीच्या ग्रुपवर निरोप होता की सोमवारी टाकी धुणार. त्यावर कुणीतरी क्लोरीनविषयी टाकलेलं, त्याखाली एक व्हिडिओ, तो संपता संपता दुसरा, कुकरची रिंग जास्त दिवस कशी टिकवावी यावर. पाऊण तासाने मी स्वयंपाकघरात जाऊन कुकरची रिंग फ्रीजरमध्ये ठेवत होतो. “हे काय?” बायकोने विचारलं. मला सांगता येईना. मोल्सवर्थ राहिलाच.

शेवटी आईला फोन लावला. ऐंशीला टेकलेली, मूळची गुहागरकडची. “आगोट? अरे, आगोटीच्या आधी घर शाकारून घ्यायचं,” इथून ती निघाली ती लाकडं, शेणी, मीठ, पापड, इरली करत धाकट्या मावशीच्या लग्नात पोचली, तिथल्या रुसव्याफुगव्यांत बराच वेळ रमली. म्हटलं, गेली हीसुद्धा. पण कीर्तनकार आख्यानात कुठेकुठे हिंडून मूळपदावर येतो तशी ती आली. “तर पाऊस लागायची वेळ, ती आगोट. त्या वर्षी लग्नातच लागली.” भरकटायला आम्ही दोघेही भरकटलो होतो. तिला मूळपद कुठे ठेवलंय ते माहीत होतं.

फोनमध्ये मूळपद नसतं, कारण तळच नसतो. पूर्वी वेबपानाच्या शेवटी ‘पुढील पान’ असं असायचं आणि बोट क्षणभर अडायचं. २००६ मध्ये अझा रास्किन या अमेरिकन डिझायनरने खाली संपतच नाही असं पान करायची युक्ती काढली. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अशा पानात खूण ठेवता येत नाही. सकाळी कुठे होतो ते संध्याकाळी सापडत नाही, आणि सापडावं असं वाटतही नाही.

२०१७ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांना प्रयोगात दिसलं होतं की फोन नुसता समोर टेबलावर असला, बंद असला, तरी माणसाची बुद्धी थोडी अडकून पडते. दुसऱ्या खोलीत ठेवला की बरं चालतं. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही म्हणे. मी माझ्यापुरता करून बघितला. फोन फ्रीजवर ठेवला आणि खोक्यांच्या ढिगावर बसून, पान ३१ वर खूण असलेलं एक पुस्तक काढलं. दीड पान झालं नाही तोच मांडीपाशी थरथर जाणवली. खिसा रिकामा होता. मग तहान लागली. पाणी फ्रीजमध्ये. पुन्हा बसलो, पुन्हा तहान. एवढं पाणी मी उन्हाळ्यातही पीत नाही. तिसऱ्यांदा तहान लागली तेव्हा पंख्याकडे बघितलं. रंगासाठी तो काढून ठेवला होता, नुसता हूक.

रंगारी गुरुवारी आला. मी तोपर्यंत त्याच खोक्यावर होतो, म्हणजे मधले दिवस उठून-बसून. “साहेब, जरा सरका, खोकं हलवायचंय.” पान ५३. खुणेला कागद हवा म्हणून खिसे चाचपले. हल्ली सगळं क्यूआर कोडवर, ना तिकीट ना पावती. रंगाऱ्याने शेडकार्डाची एक पट्टी फाडून दिली. फिकट पिवळा, आम्ही नको म्हटलेला.