कोथरूडचे ४४ आणि बातम्यांतले ३९

हवामानाची यंत्रं बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. मे महिन्यात तक्रारी येतातच, पण कोथरूडच्या एका काकांची केस अजून डोक्यात आहे. रिटायर्ड माणूस, रोज वहीत नोंद ठेवणारे, मी गेल्या गेल्या म्हणाले, "हे यंत्र घेऊन जा बाबा, टीव्हीवर पुण्याचं ३९ सांगतात आणि हे ४४ दाखवतंय, आणि दाब तर बघ, ९४५! ॲपवर १००६ आहे."

गच्चीवर बघितलं तर सेन्सर पश्चिमेच्या भिंतीवर, वर पत्रा, भिंतीला हात लावला तर चटका बसला. आता वेधशाळेत थर्मामीटर कसा असतो, तर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, दार उत्तरेला, म्हणजे ऊन आत शिरत नाही पण वारा खेळतो. तिथे हवेचं तापमान मोजतात, काकांचा सेन्सर भिंत आणि पत्र्याचं मोजत होता. मी तो काढून झडपांच्या कव्हरमध्ये घातला, सोसायटीच्या बागेत मोकळ्यावर खांबाला लावला आणि शेजारी माझा कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाण यंत्राशी ताडून बघितलेला, थर्मामीटर. अर्ध्या तासाने माझा ३९.५ आणि काकांचा ३९.८! काका कितीतरी वेळ दोन्ही आकडे बघत उभे होते, मला पण फार बरं वाटलं कारण इतकं चांगलं यंत्र उगाच परत जाणार होतं.

दाबाचं सोपं होतं. पुणं समुद्रापासून साधारण ५६० मीटर उंच, वर जाल तसा दर आठ-नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल (दाब मोजायचं एकक, काकांचे ९४५ त्यातलेच) कमी होतो, हवामानाच्या रिपोर्टमध्ये तो समुद्रसपाटीचा करून देतात म्हणजे मुंबई-पुण्याची तुलना करता येते. सेटिंगमध्ये उंची घातली की झालं.

मग काकांनी वही काढली. वळवाचा पाऊस यांच्याकडे मंगळवारी, रिपोर्टमध्ये बुधवारी, असं का? कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ आणि यांचं यंत्र रात्री बाराला शून्य होतं, मंगळवारी रात्रीचा पाऊस तिकडे बुधवारीच धरणार ना. आणि आकडा जुळला नाही तरी चालतं, वळीव पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, लोहगावला झोडपतो तेव्हा कोथरूड कोरडं असू शकतं, ती नोंद मग फक्त काकांच्याच वहीत सापडेल.

आता त्यांना वाऱ्याचं यंत्र पण हवंय. वारा १० मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत मोजायचा असतो, बिल्डिंगांच्या मध्ये ते जमणार नाही हे स्पष्ट सांगितलंय, तरी लावणार असाल तर उंची आणि आजूबाजूला काय आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा म्हणलं.