कार्यशाळेच्या तासानं मला इंजिनिअर केलं

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला एकाच विषयावर लिहावंसं वाटलं, तंत्रज्ञान आणि डिझाइन. बाकी विषयांवर आणि शिक्षकांवर बाकीचे लिहितीलच, पण मी आज मशीनच्या पार्ट्सचं डिझाइन करते आणि ह्या कामाची सुरुवात कॉलेजात नाही, आपल्या कार्यशाळेत झाली, हे कुठेतरी छापून यावं अशी माझी फार इच्छा आहे.

आठवीत पहिलं काम होतं पोलादी पट्टीचा एक तुकडा चौकोनी करायचा, बस्स एवढंच. तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंजात, पकडायचा, कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा आणि मागे आणताना उचलून घ्यायची, कारण तिचे दात पुढच्याच दिशेने कापतात, मग गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) कडेला लावून तुकडा खिडकीसमोर धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की परत घासत बसायचं. बाई स्वतः तपासायच्याच नाहीत, म्हणायच्या, "तूच बघ गं, उजेड दिसतोय का?" आणि काटकोन जमला की नाही ते आपल्यालाच ठरवावं लागायचं. त्याही आधी ड्रॉइंग, ड्रॉइंगवर सही झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. आणि ड्रॉइंगवर नुसतं ५० मिमी लिहिलं की बाई विचारणार, म्हणजे ४९.८ चालेल का, ५०.२ चालेल का, कारण नेमकं ५० जगात कोणीच बनवू शकत नाही, किती फरक चालेल ते डिझाइन करणाऱ्यानेच आधी सांगायचं असतं. टॉलरन्स हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला आणि आज माझा निम्मा दिवस त्यातच जातो. नवीन आलेली हुशार मुलं सगळीकडे अगदी कडक टॉलरन्स देऊन ठेवतात आणि मग पार्ट विनाकारण महाग होतो, तेव्हा मला दर वेळी वाटतं की ह्यांना शाळेत कोणीतरी कानस हातात द्यायला हवी होती.

इंजिनिअरिंग म्हणजे काय काय असतं हे कळलं ते नववीत, बंद पडलेल्या टेबल फॅनमुळे. बाईंनी तो टेबलावर ठेवला आणि सांगितलं की उघडा, आणि प्रत्येक पार्टसमोर लिहा की हे काम कोणी केलं असेल. आम्हाला वाटलं पंख्यात काय असणार, मोटर आणि पाती. पण पात्यांचा बाक हे हवेचा अभ्यास करणाऱ्याचं काम, पात्याच्या मधल्या भागात आतल्या बाजूला छोटे गोल ठसे होते ते साच्यातून प्लास्टिक बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे, म्हणजे साचा बनवणारी माणसं वेगळी. मान फिरवणारा छोटा गिअरबॉक्स, त्यातला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारी जोडी. मग कंडेन्सर, त्याच्यासमोर काय लिहायचं कुणालाच सुचेना, तेव्हा बाईंनी समजावलं की सिंगल फेज, म्हणजे घरातल्या साध्या विजेवर चालणाऱ्या, मोटरला एकाच वाइंडिंगवर (तारेच्या वेटोळ्यावर) आपणहून फिरायला सुरुवात करता येत नाही, म्हणून दुसरं वाइंडिंग देतात आणि कंडेन्सर त्यातला करंट थोडा पुढे सरकवतो, तेव्हा कुठे फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. आणि वाइंडिंगच्या दोऱ्याखाली लपलेला थर्मल फ्यूज, मोटर फार तापली की करंट तोडणारा! तोच गेला होता. पण बाई तिथे थांबल्या नाहीत, फ्यूज का गेला? कारण मोटर तापली. का तापली? शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, हाताने फिरवून बघितला तर जड, कारण ज्या बुशमध्ये तो फिरतो ते ब्राँझच्या पावडरीचं, सच्छिद्र, त्यात तेल मुरवलेलं असतं आणि ते तेल सुकून गेलं होतं. म्हणजे नुसता फ्यूज बदलून उपयोग नव्हता, तो परत गेला असता. त्या एका तासात मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, मटेरियल, प्रॉडक्शन सगळ्या शाखा आमच्या टेबलावर सुट्या पडल्या होत्या. नंतर मी करिअरची कितीतरी माहितीपत्रकं वाचली पण त्यातल्या एकातही एवढं नव्हतं.

दहावीला ट्रस पूल, म्हणजे त्रिकोणांच्या सांगाड्याचा, पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचा, वजनं टांगून मोडेपर्यंत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांनीच केलाय. पण त्यानंतर बाईंनी जे सांगितलं ते लिहायलाच हवं. १७ जुलै १९८१, अमेरिकेतलं कॅन्सस सिटी, एका हॉटेलच्या लॉबीत एकाखाली एक टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच सलग सळई होती, म्हणजे वरच्या पुलाखालच्या नटवर फक्त वरच्या पुलाचं वजन. बांधताना सोपं जावं म्हणून एका सळईच्या दोन केल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला गेला, झालं, त्याच नटवर दोन्ही पुलांचं वजन आलं. बाईंनी मैदानात दोर बांधून दोन मुलांना लोंबकळायला लावलं, आधी दोघंही दोराला धरून, मग खालच्याने वरच्याच्या पायाला धरायचं. वरचा ओरडलाच! दोरावरचं वजन दोन्ही वेळा तेवढंच होतं, पण वरच्याच्या हातावरचं दुप्पट झालं. मूळ डिझाइनसुद्धा नियमाच्या मानाने कमकुवतच होतं आणि तो बदल कोणी नीट हिशोब करून तपासलाच नाही. आज माझ्याकडे कोणी "छोटासा बदल आहे, सही करा" म्हणून ड्रॉइंग आणतं तेव्हा मी बलांचे बाण काढायला लावते, सही नंतर.

मुलींबद्दल थोडं, कारण मी मुलगी होते म्हणून मला हे जास्त दिसलं. मुलग्यांना लाकूडकाम आणि मुलींना शिवणकाम ही वाटणी कितीतरी देशांत वर्षानुवर्षं चालली, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० साली राष्ट्रीय अभ्यासक्रमात तंत्रज्ञान आणि डिझाइन हा विषय मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचा झाला. पण नुसतं सक्तीचं करून भागत नाही हो, चौघांच्या गटाला काम दिलं की ड्रिल मुलाच्या हातात जातं आणि वही मुलीच्या हातात, आपोआप, कोणी ठरवत नाही तरी. बाईंनी पाळी लावून दिली होती, ड्रिल, मोजमाप, वही, साफसफाई, दर तासाला बदल, आणि ती मोडलेली त्यांना अजिबात चालायची नाही. ड्रिल मशीनची भीती गेली ती त्या पाळीमुळे, आणि मला वाटतं आमच्या वर्गातल्या ज्या मुली पुढे इंजिनिअरिंगला गेल्या त्यात ह्या पाळीचा वाटा मोठा आहे.

आता साधनं खूप आली आहेत. आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड २००५ मध्ये इटलीत शिकणाऱ्या मुलांसाठीच निघाला, २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ११-१२ वर्षांच्या मुलांना जवळजवळ दहा लाख मायक्रोबिट, तसेच छोटे बोर्ड, फुकट वाटले, आणि थ्रीडी प्रिंटर कितीतरी शाळांत दिसतो. मला ह्याचा मनापासून आनंद आहे. फक्त किटमधल्या कागदावर लिहिल्याप्रमाणे वायरी जोडून दिवा लागला ह्याला मी डिझाइन म्हणणार नाही, कोणाची तरी खरी अडचण घ्या, दोन-तीन वेगवेगळे पर्याय काढा, एक का निवडला ते लिहा, बनवा, वापरणाऱ्याच्या हातात द्या आणि तो कुठे अडतो ते बघा. दिवा त्यात कुठेतरी लागेलच.

ह्या वर्षी माजी विद्यार्थ्यांची करिअरवर भाषणं ठेवली आहेत असं कळलं. माझी एकच कळकळीची विनंती आहे, येणाऱ्या प्रत्येकाने स्लाइड्सऐवजी आपल्या कामातली एक वस्तू आणि तिचं ड्रॉइंग आणावं, बिघडलेली असली तर फारच छान. आमच्या वेळी एक ताई तुटलेला शाफ्ट घेऊन आल्या होत्या, तुटलेल्या तोंडावर वळणदार रेषा एकामागे एक, चीर चावीच्या खाचेच्या (शाफ्टवर चाक घट्ट बसवणारी पट्टी जिथे बसते तिच्या) टोकदार कोपऱ्यातून सुरू होऊन हळूहळू कशी वाढत गेली ते त्या रेषांवरून वाचता येत होतं आणि उरलेला खडबडीत भाग एका झटक्यात तुटलेला. पगार किती हे त्यांना कोणीच विचारलं नाही, सगळे विचारत होते तो कोपरा गोल का नाही केला. मला नववीचा एक तास मिळाला तर मी आमच्याकडचा रिजेक्ट झालेला गिअर घेऊन येते. ड्रॉइंग मुलांना आदल्या आठवड्यात देऊन ठेवा, आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर प्रत्येक टेबलावर एक तरी हवा.