तुम्ही विचारलंत म्हणून: नुसती गाडी चालवायला अजून कोणी जातं का?

गाडी शिकायला येणारे विचारतात, शिकून गेलेलेही भेटले की विचारतात. रस्त्यावर एवढी गर्दी, पेट्रोल पुण्यात लिटरला 100 रुपयांच्या वर, टोल वेगळा. अशात कुठे पोचायचं नसताना, कुणाकडे जायचं नसताना, नुसती गाडी चालवायला म्हणून लोक अजून बाहेर पडतात का? आणि पडले तर मजा येते का?

पडतात. रविवारी पहाटे कात्रजच्या बोगद्यापलीकडे थांबून बघा, भोर-वाईकडे निघालेल्या गाड्या दिसतील. मुंबईत 2024च्या मार्चमध्ये किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला, आता रात्रीची जेवणं उरकून घरच्यांना घेऊन एक फेरी मारून येणारे तिथेही असतात. हौस गेलेली नाही. मजा मात्र सगळ्यांना येतेच असं नाही, आणि त्याचं खापर गर्दीवर फोडणं मला पटत नाही. बहुतेकांची रस्त्याची निवड चुकलेली असते किंवा निघायची वेळ चुकलेली असते. दोन्ही बरोबर असून मजा गेली, तर चालवण्यात काहीतरी राहिलेलं असतं.

आधी रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग हे लवकर पोचायचे रस्ते आहेत, आणि ते काम ते चोख करतात. पण तिथे हाताला काम नसतं. समृद्धीवर तासभर एकाच वेगात सरळ गेलं की डोळे उघडे असूनही लक्ष सुटतं. अपघात तिथेच होतात. चालवण्याचा आनंद हवा असेल तर वळणांचा रस्ता हवा, तोही असा की ज्यावर ताशी 40-50 च्या वर जाताच येत नाही.

पुण्याहून एका दिवसात होणारी, मी हमखास सुचवतो ती फेरी अशी: खेड शिवापूर, कापूरहोळ, भोर, वरंध घाट उतरून बिरवाडी-महाड, मग महामार्गाने माणगाव, तिथून निजामपूर-विळे करत ताम्हिणी घाट चढून मुळशी, पौड, पुणे. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास होतं. लिटरला 15 देणाऱ्या गाडीला 18 लिटर पेट्रोल धरा. चौघं असाल तर माणशी खर्च काही डोंगराएवढा नाही.

ही फेरी याच दिशेने करायची, उलट नाही. सकाळी तुम्ही पश्चिमेकडे जात असता, सूर्य पाठीशी. दुपारनंतर ताम्हिणीतून पूर्वेकडे येता, तेव्हाही सूर्य पाठीशीच. उलट केलीत तर निम्मा दिवस काच चमकते, झाडांच्या सावलीतून उन्हात आलं की समोरचं काही दिसत नाही, आणि संध्याकाळपर्यंत डोकं दुखायला लागतं.

महिना ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट वाहतुकीला बंद करतात, आणि ताम्हिणीत धबधब्यांपाशी वळणावरच गाड्या लावलेल्या असतात. शिवाय वरंधचं रुंदीकरणाचं काम निघालं की मधूनमधून रस्ता अडवतात, म्हणून आदल्या दिवशी भोरच्या बाजूला कुणाला तरी फोन करून विचारून घ्या. पुणं पहाटे साडेपाचला सोडायचं. साडेसातला निघालात तर कापूरहोळपर्यंत नुसते ट्रक मोजत जाल.

भोरला टाकी भरा, पुढे घाटात पंपाची आशा धरू नका. मग नीरा-देवघरचं पाणी दिसू लागतं आणि बराच वेळ सोबत राहतं. इथला रस्ता अरुंद आहे, कडा तुटलेल्या आहेत. समोरून गाडी आली की डावी चाकं खाली उतरवावी लागतात. हे वेगात करू नका, टायरची बाजू कापली जाते आणि तिथलं पंक्चर निघत नाही. वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे थांबलात तर काचा पूर्ण वर करा, माकडं आत शिरतात. खरा उतार तिथून पुढे सुरू होतो.

आता उतरण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण निम्मी मजा आणि जवळजवळ सगळा धोका इथेच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. म्हणजे बहुतेक दुसरा, क्वचित तिसरा. न्यूट्रल करून गाडी सोडणारे पेट्रोल वाचतं असं समजतात. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत ते खरं नाही. गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाला जाणारं इंधन बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिनच बंद करणं तर त्याहून वाईट. दोन-तीनदा ब्रेक दाबला की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि स्टिअरिंगही जड होतं.

सतत हलका ब्रेक दाबून ठेवू नका. नीट दाबा, वेग उतरवा, पाय पूर्ण काढा. मधल्या वेळात चाकामागच्या ब्रेकच्या डिस्कला वारा लागून ती थंड होते. तसं केलं नाही तर उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या चिमट्यातून, ब्रेक ऑइलपर्यंत जाते. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 3 या प्रकारचं ताजं ऑइल 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर तोच आकडा 140 च्या आसपास येऊ शकतो. उकळलं की पाइपात बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी थांबत नाही. ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात त्यातल्या कितीतरी वेळा ब्रेकचा एकही भाग तुटलेला नसतो. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. काम स्वस्त आहे आणि बिलात ते नेमकं राहून जातं.

जळका वास आला, पेडल खोल जायला लागलं, तर सपाट रुंद जागा बघून थांबा. डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नका. पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, वीसेक मिनिटं थांबा. निघताना तो दगड उचलून कडेला टाका. घाटात रात्री दुचाकीवाले पडतात ते पुष्कळदा अशाच विसरलेल्या दगडांवर.

ऑटोमॅटिक गाड्यांपैकी एएमटी असेल तर मॅन्युअलला टाकून दुसरा गिअर धरा, सीव्हीटी असेल तर लिव्हर एल किंवा एसवर ठेवा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: घाटमाथ्यावर बॅटरी 100 टक्के भरून उतरायला लागलात तर रीजन, म्हणजे मोटरने गाडी आवरत वीज परत बॅटरीत भरणं, जवळजवळ मिळत नाही, कारण तयार होणारी वीज ठेवायला जागाच नसते. माथ्यावर 85-90 टक्के असेल तर उतार आरामात जातो.

वळणाचं गणित सोपं आहे, हाताला बसायला वेळ लागतो. ब्रेक सरळ रस्त्यावर, गिअरही तिथेच, क्लच पूर्ण सोडलेला, आणि मग वळण. वळणात ब्रेक मारावा लागला तर तुम्ही वेगात आलात. नजर बॉनेटवर नको, वळण जिथे सुटतं तिथे हवी. हात आपोआप तेवढंच वळवतात. घाटात खालचा-वरचा रस्ता अधूनमधून दिसत असतो, तिकडेही बघत जा. एसटी किंवा ट्रक येताना दिसला तर वळणाच्या अलीकडेच थांबा, त्याला वळायला पूर्ण रस्ता लागतो. रस्ता अरुंद असेल तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरणारा कुठेही थांबून पुन्हा निघू शकतो, भरलेल्या ट्रकला चढावर थांबून निघणं जड जातं.

हे सगळं जमतंय की नाही हे मागच्या सीटवर कळतं. मागे बसलेल्याची मान प्रत्येक वळणाला डुलत असेल, पोरांना मळमळत असेल, तर गाडी चांगली चालत नाहीये, रस्त्याला बोल लावू नका. थांबताना शेवटच्या हातभर अंतरात ब्रेक किंचित सैल सोडा, गाडी धक्का न देता उभी राहते. एवढ्या एका सवयीने फरक पडतो.

निघण्यापूर्वी टायर बघा. हवा सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. उन्हाळ्यात लांब जायचं म्हणून हवा कमी करण्याची पद्धत घातक आहे: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरपर्यंत आली की टायर संपला. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. स्टेपनीची हवाही बघा, ती कोणी बघत नाही.

महाडला साडेदहापर्यंत पोचता, माणगावला जेवण आटपतं. तिथून दुपारी एकला निघाच. ताम्हिणीचा चढ वरंधपेक्षा रुंद आणि सोपा आहे, त्यामुळे इथे नवशिक्याच्या हातात गाडी द्यायला हरकत नाही. गाडी भरलेली आणि इंजिन लहान असेल तर तीव्र वळणावर एसी बंद करा, आणि तापमानाचा काटा वर गेला तर थांबून बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण उघडू नका. तीनपर्यंत मुळशीला आलात तर पाण्याकाठी तासभर बसता येतं. त्याहून उशीर झाला तर मात्र तिथेच जेवा आणि नऊनंतर निघा. रविवारी संध्याकाळी पिरंगुट ते चांदणी चौक एवढ्या टप्प्यात क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो, आणि दिवसभराचं सगळं तिथे वाया जातं.