शिल्डनची निळी डेल्टिक बघायला जाताय? आधी यॉर्क करा

शेवटी एकदाची पहिली डेल्टिक, म्हणजे ब्रिटनमधली जुनी डिझेल इंजिनगाडी, डोळ्यांनी बघितली! तुम्ही जाणार असाल तर क्रम चुकवू नका, आधी यॉर्क आणि मगच शिल्डन (दोन्ही इंग्लंडमध्ये), कारण शिल्डनच्या म्युझियमला गाडी बाहेरून बघायची असते, तिच्या पोटात काय आहे ते कळतं यॉर्कच्या रेल्वे म्युझियममध्ये.

तिथे डेल्टिकचं मशीन चक्क कापून ठेवलंय. उलटा त्रिकोण, तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या ये-जा करण्याने फिरणारे दांडे), आणि एकेका सिलिंडरमध्ये दोन-दोन पिस्टन समोरासमोर, म्हणजे १८ सिलिंडर पण पिस्टन ३६! व्हॉल्व्ह नाहीत, सिलिंडर हेड म्हणजे वरचं झाकणही नाही. तीनपैकी एक क्रँकशाफ्ट उलटा फिरतो, त्याशिवाय पिस्टनचा मेळच बसत नाही, हे मी बोटांनी हवेत त्रिकोण काढून काढून समजून घेतलं, बाजूचा लहान मुलगा माझ्याकडेच बघत होता. मुळात हे नौदलाच्या वेगवान बोटींसाठी बनवलेलं मशीन, इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने अशी दोन उचलून १९५५ मध्ये एका गाडीत बसवली, ३३०० हॉर्सपॉवर!

यॉर्कहून डार्लिंग्टन अर्धा तास, तिथून बिशप ऑकलंडची छोटी गाडी. ही तासाभराने एक असते, माझी डोळ्यांदेखत गेली, तेव्हा टाइमटेबल बघूनच निघा. शिल्डन स्टेशनला उतरलात की म्युझियम चालत काही मिनिटांवर. दोन्हीकडे प्रवेश फुकट. पण या दोन म्युझियममध्ये गाड्यांची अदलाबदल चालू असते, त्यामुळे आदल्या दिवशी वेबसाइट बघाच.

आणि मग ती समोर येते. फिकट निळा रंग, नाकावर मिशांसारखे क्रीम पट्टे. फोटोत कळत नाही एवढं ते नाक मोठं आहे, अगदी खाली उभं राहून वर बघा.

मला मात्र तिथे उभं राहून एलएमएस या जुन्या ब्रिटिश रेल्वेची १०००० नंबरची गाडी आठवत राहिली. ब्रिटनमधली मेन लाइनची पहिली डिझेल, डिसेंबर १९४७ मध्ये डर्बीला तयार झाली, आणि १९६८ मध्ये भंगारात तोडली. रेल्वेची स्वतःची होती ना, जुनी झाली की यादीतून नाव कट! ही निळी रेल्वेची नव्हतीच, बनवणाऱ्या कंपनीची होती, कंपनीने १९६३ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमला देऊन टाकली म्हणून वाचली. नंतरच्या २२ डेल्टिकपैकी सहा राहिल्या, त्याही बऱ्याचशा हौशी लोकांनी पैसे जमवून विकत घेतल्या म्हणून. १०००० नव्याने बांधायचा घाट काही मंडळींनी घातलाय, पण मूळ ती मूळच.

शिल्डनला तीन तास तरी ठेवा, हॉल मोठे आहेत. मी दीड तास ठेवला होता, त्यातला पाऊण त्या नाकाखालीच गेला, आणि परतीची गाडी पुन्हा चुकली.