'डेफिनेटली मेबी'चा आवाज नेमका कुठे तयार झाला

ओएसिस या मँचेस्टरच्या रॉक बँडचा पहिला अल्बम 'डेफिनेटली मेबी' २९ ऑगस्ट १९९४ रोजी क्रिएशन रेकॉर्ड्सनं बाजारात आणला. पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये सुमारे ८६,००० प्रती खपल्या. तोवर तिथल्या कुठल्याही बँडच्या पहिल्या अल्बमला हा वेग जमला नव्हता. गायक लियम गॅलाघर तेव्हा २१ वर्षांचा होता. या अल्बमची एक कथा सर्रास सांगितली जाते: मँचेस्टरची पाच पोरं स्टुडिओत शिरली, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारी यंत्रं) शेवटपर्यंत पिळले आणि वाजलं ते तसंच्या तसं टेपवर उतरलं. कथा झकास आहे, पण तसं झालं नाही. हा अल्बम एकदा फसला, दुसऱ्यांदा निम्मा जमला आणि शेवटी एका बाहेरच्या माणसानं मिक्समध्ये (सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र करताना) तो सोडवला. आपण ऐकतो तो आवाज बराचसा या सोडवणुकीचा आहे.

पहिला डाव वेल्समधल्या मॉनमथजवळच्या मॉनो व्हॅली स्टुडिओत, १९९४ च्या सुरुवातीला मांडला गेला. भाडं दिवसाला ८०० पौंड. निर्माता होता डेव्ह बॅचलर. लियमचा मोठा भाऊ, बँडचा गिटारवादक आणि गीतकार नोएल आधी इन्स्पायरल कार्पेट्स या बँडच्या दौऱ्यांवर सामान-वाद्यं सांभाळायचा, तेव्हापासून त्याची बॅचलरशी ओळख. बँड नेहमीसारखाच मोठ्यानं वाजवत होता, पण कंट्रोल रूममध्ये जाऊन ऐकलं की निघायचा बारीक, धुतल्यासारखा स्वच्छ आवाज. ऱ्हिदम गिटारवाल्या बोनहेडची तक्रार हीच होती: खोलीत जे वाजतं ते टेपवर येत नाही.

हे का होतं? प्रत्येक वाद्य वेगळं धरायचं, म्हणजे नंतर हवं तसं दुरुस्त करता येईल, ही स्टुडिओची जुनी शिस्त. मध्ये पडदे लावा, अ‍ॅम्प कोपऱ्यात झाका, वादकांच्या कानावर हेडफोन चढवा. चांगल्या सराईत वादकांना यानं काही फरक पडत नाही. पण ओएसिसचा सगळा खेळ एकाच वेळी वाजणाऱ्या साध्या गोष्टींवर उभा होता. बोनहेड सरळसोट बॅरे कॉर्ड (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेला स्वरसमूह) धरायचा, बास वाजवणारा गिग्झी बहुतेक वेळ कॉर्डचा मूळ स्वरच ठोकत राहायचा, टोनी मॅकॅरॉलच्या ड्रम्समध्ये नक्षीकाम जवळपास नव्हतंच. यातला एकेक भाग सुटा काढून ऐकला तर त्यात ऐकण्यासारखं फारसं काही नाही. तो जाड होतो हवेत, एकमेकांत मिसळून. शिवाय गिटारवाला अ‍ॅम्पच्या समोर उभा असेल तर स्पीकरचा आवाज तारांना पुन्हा हलवतो आणि स्वर लांबतो. अ‍ॅम्प दुसऱ्या खोलीत आणि कानात हेडफोन, अशा मांडणीत हे घडतच नाही. मग हात आपोआप आखडतो आणि नंतर मिक्समध्ये कितीही फेडर वर सरकवा, तो जोर परत येत नाही.

नोएल आणि बँडचा साउंड इंजिनियर मार्क कॉइल यांनी लंडनला त्या टेपांमधून काही निघतंय का ते पाहिलं. निघालं नाही. पैसे पाण्यात गेले, एक गाणं वगळता.

दुसरा डाव कॉर्नवॉलमधल्या गोलंटजवळच्या सॉमिल्स स्टुडिओत. ही जागा फॉय नदीच्या खाडीकाठी आहे आणि तिथे मोटार जात नाही. भरती असेल तर होडीनं, नाहीतर रेल्वेच्या रुळांकडेनं चालत. या वेळी निर्माते होते स्वतः नोएल आणि मार्क कॉइल, तर इंजिनियर अंजली दत्त. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस' अल्बमवर काम केलेली बाई, म्हणजे गिटारच्या गोंगाटाशी तिची जुनी ओळख. कॉइल मुळात बँडच्या मैफिलींचा साउंड सांभाळणारा. त्यानं तेच केलं जे तो रोज रात्री करत असे: सगळ्यांना एकत्र उभं केलं, वाद्यांमधले पडदे काढले आणि वाजवायला सांगितलं.

इथे स्टुडिओवाले ज्याला 'ब्लीड' म्हणतात तो प्रकार सुरू होतो. म्हणजे गिटारचा आवाज ड्रम्सच्या माइकमध्ये शिरणं, ड्रम्सचा गिटारच्या माइकमध्ये. हवेत आवाज मीटरभर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो. गिटारचा अ‍ॅम्प ड्रम्सच्या माइकपासून ३ मीटरवर असेल, तर तोच स्वर त्या माइकमध्ये सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. इतका उशीर कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून कळत नाही, पण आवाज रुंद आणि भरीव वाटतो. अंतर चुकलं तर मात्र उलटं होतं: दोन माइकांमधल्या लहरी एकमेकींना खोडतात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. यावर इंजिनियरांचा ठोकताळा असा की, एक माइक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर दुसरा माइक ठेवायचा. अ‍ॅम्पचा माइक ३० सेंटीमीटरवर असेल, तर शेजारचा निदान ९० सेंटीमीटर दूर.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. दुसऱ्या कडव्यात बासवाला चुकला तर तेवढाच तुकडा नव्यानं भरता येत नाही, कारण जुन्या चुकीचं भूत ड्रम्सच्या माइकमध्ये बसलेलं असतं. गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवायचं. म्हणूनच खूप सराव झालेल्या बँडनंच या वाटेला जावं. ओएसिस वर्षानुवर्षं ही गाणी वाजवत होते, त्यामुळे त्यांना ते झेपलं.

पण सॉमिल्समध्ये नोएलनं दुसरा घोळ घातला. ड्रम्स, बास आणि बोनहेडची गिटार टेपवर आली की तो त्यावर स्वतःच्या गिटारींचे थर चढवत सुटायचा. एक, दोन, पाच. तेच कॉर्ड, तसाच विकृत आवाज, त्याच पट्टीत. नवशिक्याला वाटतं की चार गिटारी म्हणजे चौपट मोठा आवाज. होतं भलतंच. एकसारख्या आवाजांचा थर वाढला की कॉर्डवर पडणाऱ्या फटक्याची धार बोथट होते, कारण प्रत्येक हात केसभर मागेपुढे पडतो. दुसरं म्हणजे विकृत गिटारचा जोर साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि माणसाच्या गाण्यातले शब्द कळतात तेही याच पट्ट्यात. लियमचा आवाज मुळातच नाकातून, पुढे फेकलेला. त्याची सगळी मजा तिथेच, आणि त्याच जागेवर गिटारींची गर्दी. ऐकणाऱ्यांचा निकाल पुन्हा नापसंतीचा लागला. तिसऱ्यांदा रेकॉर्ड करणं तर शक्यच नव्हतं.

मग मॅनेजर मार्कस रसेलनं ध्वनिनिर्माता ओवेन मॉरिसला गाठलं आणि वाटेल ते करायची मोकळीक दिली. मॉरिसनं मिक्स केला आणि त्यावर शेवटचा हात, म्हणजे मास्टरिंग, मँचेस्टरमध्ये, स्मिथ्स या बँडचा माजी गिटारवादक जॉनी मार याच्या स्टुडिओत फिरवला. त्याचं पहिलं काम: काढून टाकणं. नोएलनं चढवलेले गिटारींचे थर त्यानं उतरवले. 'लिव्ह फॉरेव्हर'ची अकूस्टिक गिटारची सुरुवात उडवली आणि सोलोलाही कात्री लावली. आज ते गाणं थेट ड्रम्सवर सुरू होतं, ते त्यामुळे. माझ्या मते संपूर्ण अल्बममधला हा सर्वांत मोलाचा कट आहे. गाणाऱ्यापुढे मोकळी जागा पडते आणि पहिली ओळ अंगावर येते.

दुसरं काम ड्रम्सवर. जॉन लेननच्या 'इन्स्टंट कार्मा'वर निर्माता फिल स्पेक्टरनं ड्रम्सना दिलेला टेपचा प्रतिध्वनी आणि डेव्हिड बोवीच्या 'लो' अल्बमवर टोनी व्हिस्कॉन्टीनं हार्मोनायझर या स्वराची पट्टी बदलणाऱ्या यंत्रातून काढलेले ड्रम्स, हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. त्यानं ड्रम्सना अर्ध्या मात्रेचा टेप डिले (टेपवरून उशिरानं येणारी आवाजाची नक्कल) लावला. हिशेब सोपा आहे: ३०,००० ला गाण्याच्या गतीनं भागायचं. मिनिटाला ९० मात्रा असतील तर ३३३ मिलिसेकंद, १२० असतील तर २५०. मॅकॅरॉलचा एक साधा फटका पडतो आणि त्याची सावली दोन मात्रांच्या बरोबर मध्ये उमटते. डोलायला लागतं ते त्या सावलीमुळे. टेपवरून आलेली सावली मूळ फटक्यापेक्षा मंद असते, वरची धार झिजलेली असते, म्हणून ती मागे बसते आणि गोंधळ करत नाही. वादकाची लय मात्र टिकायला हवी. गाणं पळालं किंवा रेंगाळलं की सावली अडखळल्यासारखी ऐकू येते आणि डिलेचा वेळ त्या भागापुरता पुन्हा जुळवावा लागतो.

मॅकॅरॉलला ड्रम्स येत नाहीत, असं नोएलसकट अनेकांनी म्हणून झालंय. १९९५ मध्ये त्याला बँडमधून काढलंही. पण भरगच्च वाजवणारा कोणी तिथे बसला असता, तर हा डिले लावताच त्याचा चिखल झाला असता. मोकळ्या जागा होत्या म्हणून त्या भरता आल्या.

खालची बाजू भरायला मॉरिसनं बासच्या जोडीला मिनीमूग सिंथेसायझर वाजवून घेतला. बासची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला वाजते. तारेचा आवाज फटक्यानंतर लगेच ओसरू लागतो, सिंथचा बटण दाबलेलं असेपर्यंत टिकतो. मिनीमूगवर एका वेळी एकच स्वर वाजतो, आणि गिग्झीही एका वेळी एकच, तोही मूळ स्वर वाजवणारा, त्यामुळे दोन्हींची जोडी बिनबोभाट जमली. काही गाण्यांत स्नेअर या ड्रमच्या फटक्यांवर खंजिरी प्रोग्रॅम करून बसवली आहे. हेडफोन लावून ऐका, ती एकदा सापडली की मग सोडत नाही.

शेवटी सगळ्यावर कॉम्प्रेशनचा वरवंटा. उंच शिखरं दाबायची आणि सरासरी पातळी वर आणायची, म्हणजे पबमधल्या ज्यूकबॉक्सवर हे गाणं लागलं की आधीचं गाणं बिचारं वाटावं. जॉनी मारला हा अंगावर येणारा प्रकार पचला नाही. 'सिगरेट्स अँड अल्कोहोल'च्या सुरुवातीची खरखर तशीच का ठेवलीस, असंही त्यानं विचारलं. मॉरिसनं ती ठेवली, आणि योग्य केलं. ती खरखर म्हणजे चालू असलेल्या अ‍ॅम्पचा श्वास आहे. तोटा एवढाच की बावन्न मिनिटं हा दाब कानांना थकवतो. 'डिग्झीज डिनर'पर्यंत पोचताना थकवा जाणवतो, आणि ते गाणंही तसं भरतीचंच.

अकरापैकी तीन गाणी सॉमिल्सची नाहीतच. 'सुपरसॉनिक' लिव्हरपूलच्या पिंक म्युझियम स्टुडिओत डिसेंबर १९९३ मध्ये झालं. बँड गेला होता 'ब्रिंग इट ऑन डाउन' करायला, ते बसेना, म्हणून नोएलनं तिथेच नवं गाणं लिहिलं आणि त्याच सत्रात ते टेपवर आलं. नंतर ते पुन्हा रेकॉर्ड करायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. 'मॅरीड विथ चिल्ड्रन' कॉइलच्या घरी केलेलं. आणि 'स्लाइड अवे' चक्क त्या फसलेल्या मॉनो व्हॅलीचं, बॅचलरच्या नावावर. ते नोएलनं जॉनी मारकडून मिळालेल्या लेस पॉल गिटारवर रचलं होतं. लियम इतकं झोकून अल्बमभर दुसरीकडे कुठे गायलेला नाही. तेव्हा बॅचलरच्या माथी सगळं खापर फोडणाऱ्यांनी हे गाणं एकदा ऐकून घ्यावं.

मुखपृष्ठाचीही थोडी कारागिरी सांगण्यासारखी. मायकेल स्पेन्सर जोन्सनं फोटो काढला तो बोनहेडच्या घरातल्या दिवाणखान्यात, मांडणी ब्रायन कॅननची. पुढे दिसणाऱ्या ग्लासात वाइन नाही, पाणी घातलेलं रिबेना सरबत आहे, कारण लाल वाइन फोटोत काळी उमटते. मँचेस्टर युनायटेडचा फुटबॉलपटू जॉर्ज बेस्ट याचं चित्र खिडकीत आहे ते युनायटेडप्रेमी बोनहेडसाठी, आणि मँचेस्टर सिटीचा फुटबॉलपटू रॉडनी मार्श याचं शेकोटीपाशी आहे ते सिटीप्रेमी गॅलाघर भावांसाठी.

हे सगळं कानांनी तपासायचं असेल तर २०२४ च्या तिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत मॉनो व्हॅलीची टाकून दिलेली रेकॉर्डिंग्ज आणि सॉमिल्समधली वगळलेली रूपं दिली आहेत. 'सिगरेट्स अँड अल्कोहोल' घ्या आणि मॉनो व्हॅली, सॉमिल्स, मूळ अल्बम या क्रमानं ऐका. आधी अ‍ॅपमधलं आवाज समान ठेवणारं सेटिंग चालू करा, नाहीतर जे मोठं तेच चांगलं वाटतं. पहिल्यांदा फक्त स्नेअर ऐका, दुसऱ्यांदा फक्त गिटारी मोजा, तिसऱ्यांदा लियमचे शब्द किती स्पष्ट कळतात ते पाहा. एक लक्षात ठेवा: ही जुनी रेकॉर्डिंग्ज आता नव्यानं मिक्स केलेली आहेत, त्यामुळे १९९४ मध्ये बँडला ऐकू आलेला तो बारीक आवाज त्यात पूर्णपणे सापडणार नाही. व्हायनिल घेणार असाल तर मूळ ब्रिटिश दुहेरी तबकडीवर 'सॅड साँग' हे जास्तीचं गाणं आहे, ते १९९४ च्या ब्रिटिश सीडीवर नाही.